एकटीचा कोयता

"वाच. मोठ्यानं वाच. शेवटपर्यंत वाच."

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीतून दिवसभर हा आवाज येतो. नेकनूरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मागची खोली मी शिवकन्येला संगणकाच्या क्लाससाठी दिली आहे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही पोरगी कॉलेजच्या पोरांना बाराखडी शिकवते की काय. मग कळलं की कुणाचा प्रोग्राम अडला, स्क्रीनवर लाल रेघ आली, की ती त्याला आधी एरर मोठ्यानं वाचायला लावते. पोरं लाल रंग दिसला की बिथरतात. इकडचा कंस तिकडे करतात, काहीतरी खोडतात, काहीतरी चिकटवतात आणि देवाचं नाव घेऊन परत चालवून बघतात. शिवकन्येला याचा भयंकर राग. "एरर तुला शिव्या देत नाही रे," ती म्हणते, "ती तुला काय बिघडलं ते सांगतेय. ऐकून तर घे!"

भिंतीला कान लावायची मला गरज नाही, भिंत पत्र्याची आहे. त्यामुळे झेरॉक्स काढता काढता मलाही त्यातलं थोडंफार कळायला लागलं. क्लास म्हणजे साचा. कन्स्ट्रक्टर म्हणजे त्या साच्यातून वस्तू घडवायची ठरलेली रीत. साच्याला दोन गोष्टी लागतात असं लिहून ठेवलं आणि तुम्ही एकच दिलीत, तर तो अडून बसतो. म्हणतो, अशी रीत मला कुणी सांगितलेलीच नाही. कन्स्ट्रक्टर इज अनडिफाइन्ड. गंमत म्हणजे तुम्ही काहीच लिहिलं नाही तर संगणक स्वतःहून एक रिकामी रीत देतो, आणि तुम्ही आपली एखादी अट लिहिलीत की ती फुकटची रीत काढून घेतो. नवीन पोरं हमखास इथं आपटतात. "काल चालत होतं मॅडम!" असं रडकुंडीला येऊन सांगतात.

"काल तू अट घातली नव्हतीस," शिवकन्या म्हणते. "आता मागितलंस काय आणि लिहिलेलं आहे काय, दोन्ही शेजारी शेजारी मांड. नावात फरक आहे? संख्येत आहे? प्रकारात आहे? या तिन्हीपैकी एक असणारच."

मी तसा तोंडाचा फटकळ माणूस. गावात मला कुणाचं कौतुक करताना बघितलं तर लोक तब्येत विचारतात. पण या पोरीचं मला कौतुक होतं आणि ते मी लपवलंही नाही.

ती ऊसतोड करणाऱ्याची मुलगी. बाप ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा ती सहावीत होती. आमच्या बीडकडे तोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. टोळी नेणारा मुकादम विचारतो, "किती कोयते हायेत?" म्हणजे किती जोड्या आहेत. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, त्यामुळे एकट्या माणसाला टोळीत कुणी धरत नाही. बाप गेल्यावर तिच्या आईला, वनमालाबाईंना, मुकादमानं विचारलं, तुझी जोड कोण? जोड म्हणून शिवकन्या गेली. बारा वर्षांची पोर दोन हंगाम उसाच्या फडात होती. मग तलवाड्याच्या मामानं तिला ठेवून घेतलं आणि तिची शाळा परत सुरू झाली. वनमालाबाई त्यानंतर भावजयीबरोबर, चुलत दिराबरोबर, ज्याची जोड मोडली असेल त्याच्याबरोबर जात राहिल्या.

पोरगी बीडला शिकली, पुण्याला नोकरीला लागली. आईला तिकडे नेलं तर आई आठ दिवसांत परत. पोरीनं फोन केला की कळायचं, आई कुठल्यातरी कारखान्याच्या फडात आहे. शेवटी शिवकन्या तीन वर्षांपूर्वी सगळं गुंडाळून नेकनूरला आली. आईला म्हणाली, "मी परत येते, पण तू कोयता खाली ठेवायचा." वनमालाबाईंनी कोयता धुऊन, पुसून घरातल्या खुंटीला अडकवला. तेव्हापासून त्या रोज दुपारी लेकीचा डबा घेऊन माझ्या दुकानी येतात आणि मला विचारतात, "काय बद्रीनाथ, आज कुनाशी भांडलास?"

आता गोष्ट सांगायची ती गेल्या दसऱ्यानंतरची.

इथल्या एका संस्थेचं लिंबागणेशला मुलींचं वसतिगृह आहे. आईबाप कारखान्याला गेले की त्यांच्या पोरींनी हंगामभर तिथं राहायचं आणि शाळा करायची. त्यांच्या नोंदणीचा प्रोग्राम शिवकन्येनंच लिहून दिलेला. कुठल्या मुकादमाकडे कुठला कोयता, त्याची कुठली मुलगी वसतिगृहात, सगळं त्यात, आणि त्यातलीच यादी मुकादमालाही जायची. तोडीला जाणाऱ्याचीच मुलगी घ्यायची असा संस्थेचा नियम, म्हणून आधी कोयत्याची नोंद, मग मुलीची. सतीश नावाचा पोरगा वस्त्यावस्त्यांवर लॅपटॉप घेऊन ही नोंदणी करत फिरायचा. कामसू पोरगा, पण कुठंही अडलं की खिडकीतून वाट काढणारा.

त्या दिवशी तो एका बाईला आणि तिच्या मुलीला घेऊन मागच्या खोलीत शिरला. बाई जानकीबाई. पोळ्याच्या आधी तिचा नवरा काविळीनं गेला होता. मुलगी आरोही, सातवीतली, दोन वेण्या, हातात शाळेचं दप्तर. आई तोडीला जाणार म्हणून शाळेतून थेट आणलेली.

"मॅडम, हे दुसरं नाव मागायलंय," सतीश म्हणाला. "हिचा मालक तर वारला. त्याच्या जागी पोरीचं नाव टाकलं तर कोयता घेतंय, पण मग तिला वसतिगृह देत न्हाई."

"कसं देईल? फडात असलेली पोर वसतिगृहात कशी असेल?" शिवकन्येचा आवाज चढला. "आणि एवढ्या पोरीचं नाव कोयत्यात टाकायचं तुला सुचलं कसं?"

"म्या काय मनानं टाकायलो का? मुकादमानं तसंच धरलंय."

जानकीबाई खुर्चीवर बसली नव्हती. दाराला धरून उभी होती. "ताई," ती म्हणाली, "मला काम करावंच लागंल. गावात आता कोन रोजानं बोलवतंय? पन हिला फडात न्यायची न्हाई मला. लई हुशार हाय वो माझी पोर. हिला ठिवून घ्या."

शिवकन्येनं क्लासच्या पोरांना बाहेर काढलं आणि स्वतः संगणकावर बसली. मी गिऱ्हाईक नसल्याचा फायदा घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. तिनं कोयत्याचा साचा उघडला, आणि जानकीबाईची एकटीची नोंद करायला एक ओळ लिहिली. ओळ पुरी व्हायच्या आत तिच्याखाली लाल रेघ.

आरोही तिच्या खांद्यामागून बघत होती. "ताई, ते लाल कावून झालं?"

"वाच," शिवकन्या सवयीनं म्हणाली. "मोठ्यानं वाच."

पोरीनं इंग्रजी अक्षरं एकेक जुळवली. "द... कन्स्ट्रक्टर... कोयता... कंसात बाई... इज अनडिफाइन्ड. अनडिफाइन्ड म्हंजी?"

"म्हणजे, एकट्या बाईचा कोयता असतो असं कुणी ठरवलेलंच नाही."

"कुनी ठरवाय पायजे होतं?"

शिवकन्येनं स्क्रीन साच्याच्या पहिल्या ओळीपर्यंत वर सरकवली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मी."

साच्यात एकच रीत लिहिलेली होती. कोयता, कंसात पुरुष, बाई. दोन नावं, त्याच क्रमानं, त्याच प्रकारची. तिनंच लिहिलेली.

सतीशला घाई होती. "मॅडम, पुरुषाच्या जागी रिकामं टाका की. नल का काय म्हंता ना तुमी ते? चालून जाईल."

"आज चालून जाईल," ती म्हणाली. "मग थंडीत कधीतरी वसतिगृहात ही पोर तापानं फणफणेल. तिथली बाई आईबापाला फोन लावायला नोंद उघडेल. प्रोग्राम बापाचं नाव शोधायला जाईल आणि तिथंच कोसळेल. तेव्हा तिथं तू नसशील, मी नसेन. आज इथं अडतंय ते बरं आहे सतीश. चूक आपल्या डोळ्यासमोर आहे."

"मग मेलेल्या मालकाचंच नाव टाकू."

"म्हणजे मुकादमाच्या यादीत दोन माणसं जाणार, आणि तो म्हणणार, दुसरं आण. दुसरं म्हणून कोण जाणार ते बघ जरा तुझ्या शेजारी."

सतीशनं आरोहीकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

मी तेव्हा उगाच तोंड घातलं. म्हणालो, "शिवकन्ये, त्यात काय एवढं? सगळेच कोयता म्हणजे जोडी म्हणतात. तूही तसं लिहिलंस."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझी जीभ गिळावीशी वाटली. "सगळे म्हणतात ते ठीक आहे, काका. पण मी माझ्या बापाविना कोयता बघितलाय. मी स्वतः त्याच्यात होते. आणि लिहायला बसले तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. मुकादमांना विचारलं, संस्थेला विचारलं. आईला विचारलं नाही."

तिचे डोळे भरले होते, पण हात चालू होते. तिनं आधीच्या रीतीखाली दुसरी रीत लिहिली. कोयता, कंसात बाई. जिथं जिथं प्रोग्राम नवऱ्याचं नाव विचारत होता त्या सगळ्या जागा शोधून दुरुस्त केल्या. त्यातच दोन तास गेले. मग शेवटी एक अट घातली. अठराच्या आतलं माणूस कुठल्याच कोयत्यात बसणार नाही. कुणी घालायला गेलं तर प्रोग्राम नोंदच करणार नाही.

"मॅडम, ही अट लई नडल आमाला," सतीश कुरकुरला.

"नडू दे. त्यासाठीच घातली."

लाल रेघ गेली. जानकीबाईची नोंद झाली आणि आरोहीचं नाव वसतिगृहात चढलं. मी चहा सांगितला. जानकीबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसली. आरोहीनं विचारलं, "ताई, मला शिकिवताल का हे?" आणि शिवकन्या म्हणाली, "आधी सातवी पास हो." वनमालाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या कोपऱ्यात बसून पोरीकडे बघत होत्या. मी त्यांची थट्टा केली, "काय मावशी, आज माझी चौकशी नाही?" त्यांची नजर पोरीवरून हलली नाही. डबाही तसाच उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी जानकीबाईच्या टोळीचा हनुमान मुकादम आधारकार्डांच्या झेरॉक्स काढायला माझ्याकडे आला. माणूस वाईट नाही. आवाज मोठा, एवढंच. जानकीबाई त्याच्या मागून आली, आणि तिचं तोंड बघूनच मला समजलं, काहीतरी बिनसलंय.

शिवकन्या बाहेर आली. "मुकादम, तिची नोंद एकटीची झाली आहे."

"तुमच्या कंप्युटरात झाली, ताई. माझ्या गाडीत एकटी बाई काय करणार? ऊस तोडल का मोळी भरल? शेजारचे कोयते आपलं काम सोडून हिच्या मोळ्या उचलणारेत का?" त्यानं कार्डं माझ्यासमोर ठेवली. "म्या तिला रातच्याला बी सांगितलं. दुसरं कुनीबी दे. भाऊ दे, दीर दे. न्हाई तर पोरगी दे. मला काय तिच्यासंगं वैर हाय?"

"पोरगी वसतिगृहात आहे."

"मग बाई घरी हाय." तो शांतपणे म्हणाला. "परवा दुपारी गाडी हितूनच सुटतीया, तुमच्या दुकानासमोरून."

तो गेल्यावर शिवकन्या झेरॉक्स मशीनला टेकून उभी राहिली. मला तिची कीव आली आणि रागही आला. राग कुणाचा ते सांगता येत नव्हतं. मुकादमाचा म्हणावा तर तो खोटं बोलला नव्हता. जानकीबाईला भाऊ नव्हता, आणि दिरानं नवऱ्याच्या तेराव्यालाच हात वर केले होते. ती माय घरी बसली असती तर आरोही तोडकऱ्याची पोर राहिली नसती. म्हणजे वसतिगृह गेलं. आणि गेली असती तर पोरीला घेऊनच गेली असती. म्हणजेही वसतिगृह गेलं. प्रोग्राम दुरुस्त होऊन पोरीच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

"काका," शिवकन्या म्हणाली, "मी जे लिहिलं ते खरं नाही झालं."

ठरल्या दिवशी दुपारी समोर ट्रक लागला. वर गोधड्या, पत्रे, भांडी, कोंबड्यांच्या डालग्या, त्यावर माणसं. जानकीबाई माझ्या पायरीवर बसली होती. शेजारी आरोही, आणि तिचं दप्तर गाठोड्यात बांधलेलं. ते दप्तर बघून मी तोंड फिरवलं. पोर फडात निघाली हे मला ते दप्तर बांधलेलं बघूनच पटलं.

एवढ्यात वनमालाबाई आल्या. डोक्यावर वळकटी, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या.

"शिवे, हिच्या कोयत्यात माझं नाव घाल."

शिवकन्येला आधी कळलंच नाही. मग तिनं गोणपाट बघितलं. "आई, तो खुंटीवरून कुणी काढला?"

"म्या काढला. मुकादमाला सकाळीच इचारलं. दुसरं कुनीबी चालंल म्हनला."

"नाही," शिवकन्या म्हणाली. "वय काय तुझं? मी पुणं कशासाठी सोडलं? तुझा कोयता सुटावा म्हणून सोडलं. तू मला शब्द दिलास. नाही म्हणजे नाही!"

ती ओरडत होती. क्लासची पोरं खाली माना घालून बसली. जानकीबाई धावत आत आली. "मावशी, नको. तुमचं ऋण मी कुठं फेडू? मी पोरीला नेते. नेते मी."

"तू गप," वनमालाबाई म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला नेलतं म्या. पहाटं उठवायचे तर तू झोपंतच चालायचीस. मोळी डोक्यावर दिली की मान वाकडी व्हायची तुझी, आन् तू रडायची न्हाईस. रडली असतीस तर बरं वाटलं असतं मला. माझ्याकडं तवा दुसरं कुनी न्हवतं गं. हिच्याकडं हाय."

"आई..."

"एक हंगाम. मला आजून मोळी उचलती. लिही."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. शिवकन्या संगणकासमोर बसली. तिनं जानकीबाईची नोंद उघडली आणि शेजारी आईचं नाव द्यायला ओळ लिहिली. ओळीखाली लाल रेघ आली. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. एका बाईची रीत तिनं लिहिली होती, पुरुष आणि बाई अशी तर आधीचीच होती. बाई आणि बाई अशी नव्हती.

वनमालाबाईंना वाचता येत नाही, पण लाल रंग कळतो. "काय म्हनतंय ते?"

शिवकन्येला मोठ्यानं वाचता येईना. ओठ नुसते हलले. आरोही पुढे आली आणि तिनं वाचलं. कोयता, कंसात बाई, बाई, इज अनडिफाइन्ड. मग तिनं वनमालाबाईंना समजावलं, "दोन बायांचा कोयता कुनी ठरवला न्हाई म्हनतंय."

"मग ठरवा की," वनमालाबाई म्हणाल्या. "गाडी थांबली हाय."

शिवकन्येनं यावेळी नवी रीत जोडली नाही. आधीच्या दोन्ही खोडल्या. पुरुष खोडलं, बाई खोडलं, आणि एकच लिहिली. माणसं, कितीही, कुठलीही, फक्त अठराच्या वरची. नंतर मला म्हणाली, हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. तिनं जानकीबाईचं नाव घातलं. मग आईचं नाव टाइप केलं, आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी आईचा हात धरून ठेवला. आईनंच दुसऱ्या हातानं तिचं बोट बटणावर दाबलं.

वनमालाबाई ट्रकवर चढल्या. जानकीबाईनं वरून हात दिला. आरोहीचं गाठोडं सोडून दप्तर बाहेर काढलं होतं, ते छातीशी धरून ती माझ्या पायरीवर उभी राहिली. आई दिसेनाशी होईपर्यंत ती रडली नाही, आणि मग जी रडली, ती शिवकन्येला बिलगून. शिवकन्याही रडत होती. मी शटर अर्धं ओढून घेतलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली, तोंड धुतलं आणि आत गेली. क्लासची पोरं अजून तशीच बसली होती. तिनं स्क्रीनकडे बघितलं. लाल रेघ कुठंच नव्हती. आईचं नाव मुकादमाच्या यादीत जाऊन बसलं होतं, आणि प्रोग्राम एकही एरर न देता चालत होता.